तुम्ही विचारलंत म्हणून: नाच म्हणजे शेवटी तेच ना?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा हसत विचारतो. उत्तर आवडलं नाही तर "अहो, गंमत केली" म्हणायची सोय राहते. "बाकी सगळं ठीक आहे हो, पण खरं सांगा, नाच म्हणजे शेवटी तेच ना?" 'तेच' म्हणताना आवाज जरा खाली येतो.

जोडीनं नाचायला शिकवणं हे माझं बावीस वर्षांचं काम आहे. वॉल्ट्झ, टँगो, साल्सा. त्यामुळे हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी माझ्या वाट्याला येतो. बायकोला क्लासला सोडायला आलेला नवरा दाराशी उभा राहून विचारतो. मुलीला पाठवावं की नाही या विचारात असलेली आई विचारते. वाचनाची आवड असलेला एखादा डार्विनचा दाखला देऊन विचारतो. नाच म्हणजे आडव्या इच्छेचं उभं रूप, हे वाक्यही मला अनेकांनी ऐकवलंय, दर वेळी नव्या थोर माणसाच्या नावावर.

गेल्या महिन्यात मात्र हा प्रश्न एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं विचारला आणि ती हसत नव्हती. तिच्यामुळेच मी हे सविस्तर लिहायला बसले आहे. तिच्याकडे येईन, पण थोड्या वेळानं.

पहिली काही वर्षं मी हा प्रश्न उडवून लावायचे. "छे हो, ही कला आहे, साधना आहे, यात तसलं काही नसतं," असं चेहरा गंभीर करून म्हणायचे आणि समोरचा गप्प बसायचा. ते उत्तर खोटं होतं. मला स्वतःला ते ठाऊक होतं, कारण सव्विसाव्या वर्षी एका माणसाबरोबर एक टँगो नाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नव्हती. जेमतेम साडेतीन मिनिटांचं ते गाणं. त्याचं नावही मी नीट ऐकलं नव्हतं. त्याच्या श्वासाची लय मात्र दुसऱ्या दिवशीही माझ्या बरगड्यांत होती. त्याला साधना म्हटलं तर साधनेचाही अपमान आणि त्या रात्रीचाही.

तेव्हा हे आधीच सांगून टाकते: नाचात कामना असू शकते. कधी ती इतकी उघड असते की भिंतीला टेकून बसलेल्यालाही कळते. ती आहे हे मान्य करायला माझी काहीच हरकत नाही. माझं भांडण प्रश्नातल्या दोन लहान शब्दांशी आहे, 'शेवटी' आणि 'खरं तर'. नाचाचा एकेक पापुद्रा सोलत गेलं की तळाशी फक्त एकच गोष्ट उरते, असं ते शब्द सांगतात. इतकी वर्षं नाचणारी शरीरं रोज जवळून पाहिल्यावर मला ते मान्य करता येत नाही.

डार्विनचं नाव घेणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही, म्हणून आधी तेच घेते. १८७१ साली आलेल्या 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात त्यानं म्हटलं की आपल्या पूर्वजांनी सूर आणि ताल कमावले ते जोडीदाराला मोहवण्यासाठी. मोराचा पिसारा, 'बर्ड ऑफ पॅरडाइज' पक्ष्यांचे नखरे, सगळं त्याच्या मांडणीत एका दोऱ्यात ओवलं जातं: मादी निवडते, म्हणून नर सजतो आणि नाचतो. माणसांवरही असे प्रयोग झाले. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण पुरुषांच्या नाचाची हालचाल यंत्रांनी टिपली, तिच्यावरून संगणकावर सगळ्यांसाठी एकसारखी आकृती नाचवली आणि स्त्रियांना गुण द्यायला सांगितले. २०१० मध्ये निष्कर्ष आले. ज्यांची मान आणि धड जास्त मोकळेपणानं, वेगवेगळ्या तऱ्हेनं हलत होतं त्यांना जास्त गुण मिळाले. उजव्या गुडघ्याच्या वेगानंही फरक पडला. मी वर्गात "मान सोडा, मान सोडा" असं दिवसातून चाळीस वेळा म्हणते, त्यामुळे मला हे पटतं. पण त्या स्त्रियांना विचारलं होतं ते एवढंच, की हा किती चांगला नाचतो. चांगला नाचतोय हे ओळखणं आणि तो हवासा वाटणं यांत बरंच अंतर आहे. मला आजवर शेकडो माणसांचा नाच आवडला आहे.

दुसरा दाखला २००५ मधल्या एका निबंधाचा असतो. ज्यांच्या शरीराची डावी-उजवी बाजू अधिक सारखी असते ते जास्त चांगले नाचतात, म्हणजे नाच हा उत्तम जनुकांचा जाहिरातफलक आहे, असं जमैकातल्या तरुणांच्या अभ्यासावरून 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं होतं. जगभर गाजलं. तो निबंध २०१३ मध्ये मागे घेतला गेला, हे मात्र तितकं गाजलं नाही. मला अजूनही तो ऐकवला जातो. एक निबंध मागे घेतल्यानं डार्विन चुकीचा ठरत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याला आधीच खरं वाटत असलेली गोष्ट आपण किती चटकन उचलतो आणि किती उशिरा खाली ठेवतो, ते त्यातून दिसतं.

आणि पक्ष्यांकडेच जायचं तर पूर्ण जाऊ या. मध्य अमेरिकेत लांब शेपटीचा मॅनाकिन नावाचा छोटा पक्षी आहे. त्याचे दोन नर एकाच फांदीवर जोडीनं नाचतात, एकमेकांवरून उड्या मारत, चाक फिरावं तसे. मादी आली की मीलन होतं ते त्यातल्या वरिष्ठ नराचं. दुसरा वर्षानुवर्षं फक्त नाचाची साथ करतो. पुढेमागे त्याचा नंबर लागतोही, पण दरम्यान त्याच्या आयुष्यातला बहुतेक नाच दुसऱ्या नराशी ताल जुळवण्यात जातो. ज्युलियन हक्सली या जीवशास्त्रज्ञानं १९१४ मध्ये मोठी शेंडी असलेल्या ग्रीब या पाणपक्ष्यावर लिहिलं. नर आणि मादी दोघंही तळातून पाणवनस्पती चोचीत घेऊन वर येतात आणि छातीला छाती भिडवून पाण्यावर उभे राहून डोलतात. हक्सलीला आश्चर्य याचं वाटलं की हा बराचसा नाच जोडी ठरून गेल्यावर होतो. पटवायचं कुणालाच उरलेलं नसतं. तरी ते नाचतात, एकमेकांशी बांधलेले राहण्यासाठी. क्रौंच पक्षी तर विणीचा हंगाम नसतानाही नाचतात, आणि जोडीदार शोधायचं ज्यांचं वयच झालेलं नाही अशी पिल्लंही त्यांच्यात नाचतात.

मधमाश्यांचं मी मुद्दाम शेवटी सांगते, कारण ऐकणारा हमखास थांबतो. पोळ्यात नाचते ती कामकरी माशी. तिला राणीसारखा संसार नाही. कार्ल फॉन फ्रिशनं तिच्या नाचाचा अर्थ लावला: पोट हलवत ती सरळ रेषेत किती वेळ चालते यावरून फुलं किती लांब आहेत ते कळतं, आणि त्या रेषेच्या कोनावरून सूर्याच्या मानानं दिशा. १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. 'नाच' हे नाव आपण दिलेलं, हे खरं. पण मोराच्या थुईथुईलाही नाच म्हणतो ते आपणच.

हे झालं प्राण्यांचं. पण मला नाच कळला तो पुस्तकांतून नव्हे.

माझ्याकडे येणारी एक मुलगी बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी पुन्हा वर्गात आली. बाळाला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून घेऊनच आली. बाळाला सतरंजीवर झोपवलं होतं. मी साल्साचं एक गाणं लावलं, आणि सतरंजीवर पाय उडायला लागले. दोन्ही पाय, आणि मूठ. ताल जुळला होता असं म्हणणार नाही, तो जुळत नव्हता. पण गाणं थांबलं की पाय थांबायचे, लावलं की सुरू. वर्गातली अकरा माणसं आपापले पदन्यास सोडून गोल करून बसली. त्या दिवशी शिकवणं झालंच नाही.

हे केवळ आमचं कौतुक नव्हतं. २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात पाच महिने ते दोन वर्षं वयाच्या १२० मुलांना संगीत, नुसते ठोके आणि माणसाचं बोलणं ऐकवलं. बोलण्यापेक्षा संगीताला आणि ठोक्यांना त्यांची शरीरं कितीतरी जास्त लयीत हलली, आणि ज्यांची हालचाल तालाशी जास्त जुळली ती मुलं जास्त हसली. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर मला अजून शहारे आणतो. जन्मून दोन-तीन दिवस झालेली, झोपलेली बाळं. त्यांना ढोलाचा ठेका ऐकवत ठेवला आणि मधूनच आवर्तनाचा पहिला, वजनाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूनं लगेच दखल घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर, तीन दिवसांच्या झोपलेल्या जिवाला कळलं की सम चुकली.

इथे 'शेवटी तेच' कुठे बसवायचं? ज्या कामनेला नाचाचं मूळ म्हणतात ती माणसाच्या अंगात यायला अजून दहा-बारा वर्षं आहेत. ताल मात्र आधीच येऊन बसला आहे. माझा समज असा की कामना जेव्हा येते तेव्हा तिला नाच तयार मिळतो, आणि ती त्यात शिरते. जसा राग शिरतो. मराठीनं हे केव्हाच ओळखलेलं आहे. आनंद झाला की आपण नाचतो, आणि संताप झाला की थयथयाट करतो. त्या थयथयाटातला 'थय' नाचाच्या बोलांतलाच. दुसऱ्याच्या तालावर नाचणं म्हणजे लाचारी. ज्योत नाचते, डोळ्यांपुढे एखादा चेहरा नाचतो. एकाच शब्दात इतकं सगळं मावतं, आणि आपण त्याचा एकच अर्थ धरून बसतो.

काका माझ्याकडे आले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली होती. काकू त्यांना घेऊन आल्या, कारण न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपनं २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले आहेत आणि आता तसे अनेक देशांत चालतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मला त्या आजाराचं काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी काका दारात अडकले. अक्षरशः अडकले. उंबरठा नव्हताच, नुसती दाराची चौकट होती, पण पाय जमिनीला खिळले. या आजारात असं होतं. मेंदूच्या खोल भागात, जिथे हालचाल आपोआप सुरू होते, तिथे डोपामिन हे रसायन कमी पडतं आणि मनानं दिलेली आज्ञा पायापर्यंत पोचत नाही. काका खाली बघत उभे, काकू दंडाला धरून, मागे रांग. मी काहीच न सुचून तोंडानं मोजायला लागले. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, वॉल्ट्झची लय, पहिल्यावर जोर. दुसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला काकांचा उजवा पाय उचलला गेला.

नंतर मला कळलं की बाहेरून दिलेला ठोका या रुग्णांना चालायला मदत करतो, हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. आपण अगदी स्वस्थ बसून ताल ऐकत असलो तरी मेंदूतले हालचाल ठरवणारे भाग जागे होतात. आपल्या दृष्टीनं आपण फक्त ऐकत असतो, मेंदूच्या दृष्टीनं आपण निघालेलो असतो. काकांचा नेहमीचा रस्ता बंद पडला होता. तालानं त्यांना आडवाटेनं नेलं.

ते चार वर्षं येत होते. काकूंबरोबर वॉल्ट्झ करायचे. एकदा काकू मला म्हणाल्या, "घरी यांचा हात धरते तेव्हा मी यांना सांभाळत असते. इथे धरते तेव्हा हे मला नेतात." मी त्यावर काही बोलू शकले नाही. त्या दोघांच्या नाचात काय होतं ते मी नेमकं सांगू शकणार नाही. पन्नास वर्षांचा संसार होता, त्यात कामनाही कधीतरी असणार, कदाचित तेव्हाही असेल. तो त्यांचा प्रश्न. पण 'शेवटी तेच' असं म्हणून त्या हातावर पडदा टाकायचं माझ्याच्यानं होणार नाही.

जोडीच्या नाचाबद्दल लोकांना जास्त शंका येते हे मला समजतं. दोन शरीरं इतकी जवळ आहेत म्हटल्यावर आणखी काय असणार? १८१६ मध्ये इंग्लंडच्या दरबारी मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला तेव्हा लंडनच्या 'टाइम्स'नं त्याला असभ्य परदेशी नाच म्हटलं आणि आईबापांना आपल्या मुली त्यापासून दूर ठेवायला सांगितलं. तोच वॉल्ट्झ, जो पुढे मी एकाहत्तर वर्षांच्या काकांना शिकवला. १९१३ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मनं गणवेशातल्या अधिकाऱ्यांना टँगो नाचायची बंदी केली. आणि टँगोच्या सुरुवातीच्या काळात ब्युनोस आयर्समध्ये पुरुष एकमेकांबरोबरच सराव करत. चांगलं नाचता आल्याशिवाय बाईसमोर जायचं कसं, म्हणून. बाईसाठीच सराव होता, हे कबूल, पण तासन् तास मिठीत असायचे ते दोन पुरुष, पाय चुकला म्हणून एकमेकांवर चिडत.

नाचणाऱ्याच्या मनात त्या मिठीत काय चाललेलं असतं, हे बाहेरून दिसत नाही म्हणून सांगते. वजन. सगळं लक्ष वजनाकडे असतं. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे? तो पाय मोकळा झाला का? तिचा श्वास वर गेला म्हणजे ती थांबणार की फिरणार? मागच्या जोडीचं कोपर लागणार का? पुढच्या ओळीत व्हायोलिन एकटं आहे, तिथे चालायचं की नुसतं उभं राहायचं? दुसऱ्याचं शरीर इतक्या बारकाईनं ऐकायची वेळ आपल्यावर एरवी फार क्वचित येते. तान्ह्या मुलाला कडेवर घेतल्यावर येते, आजारी माणसाला उठवून बसवताना येते, आणि हो, शय्येवरही येते. या सगळ्यांत जे समान आहे ते म्हणजे लक्ष देणं. लोक त्या लक्षालाच कामना समजतात असं मला पुष्कळदा वाटतं. एखाद्याच्या आयुष्यात इतकं लक्ष फक्त शय्येवरच मिळालेलं असेल, किंवा तिथेही मिळालेलं नसेल, तर नाचताना ते मिळाल्यावर त्याला दुसरं नाव तरी कुठून सुचणार?

माझ्या वर्गात एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ होते. तिसऱ्या आठवड्यात ते एका बाईंशी सलगी करायला लागले, नाच संपल्यावरही हात सोडेनात. त्यांना मी बाजूला घेऊन खडसावलं. ते एकदम रडायला लागले. सात वर्षं झाली, म्हणाले, मला कुणी हात लावलेला नाही, न्हाव्याशिवाय. मी त्यांना तरीही त्या बॅचमधून काढलं, कारण त्या बाईंना त्यांच्या दुःखाचा भार उचलायला लावायचा मला अधिकार नव्हता. पण त्यांची भूक कामनेची नव्हती, स्पर्शाची होती, हे मी त्या दिवशी शिकले. त्यांनाही त्या दोहोंतला फरक माहीत नव्हता.

एकत्र, एका तालात हलण्याचं असंच आहे. विल्यम मॅकनील या इतिहासकारानं १९४१ मध्ये सैन्यात कवायत केली. टेक्ससच्या धुळीत तासन् तास निरर्थक पावलं टाकताना आपण फुगून मोठे झालो आहोत, सगळ्यांत मिसळलो आहोत, असं त्याला वाटलं. ते सुख त्याला इतकं पुरलं की १९९५ मध्ये त्यानं नाच आणि कवायत यांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. ब्राझीलमध्ये २६४ शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात, एकत्र आणि एकसारखं नाचल्यावर मुलांची वेदना सोसायची ताकद वाढलेली आढळली आणि गटातल्या इतरांबद्दल जवळीकही. आणि शेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक! १७७४ मध्ये अ‍ॅन ली त्यांना इंग्लंडहून अमेरिकेत घेऊन गेली. हे सगळे ब्रह्मचर्य पाळणारे, बायका आणि पुरुष वेगवेगळ्या दारांनी आत येणारे, आणि प्रार्थना काय, तर नाच. रांगा करून, स्पर्श न करता, घाम येईपर्यंत. कुणी म्हणेल, दाबलेली कामनाच ती, दुसऱ्या वाटेनं बाहेर आली. असं म्हणता येतंच. कामना दिसली तर ती आहेच, आणि न दिसली तर ती दाबलेली आहे, असं धरून चाललं की या जगात दुसरं काही सापडायची सोयच उरत नाही.

आणि जिथे नाच उघडउघड प्रेमाचाच असतो तिथे? भरतानं नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत शृंगार पहिला. त्याच्या मुळाशी रती हा भाव आहे हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. भरतनाट्यमच्या नर्तकी बालासरस्वतींनी शृंगार नाचातून धुऊन काढू पाहणाऱ्यांना आयुष्यभर विरोध केला, आणि १९७५ मधल्या एका भाषणात त्याला सर्व भावांत श्रेष्ठ म्हटलं. मला त्यांचं म्हणणं फार जवळचं वाटतं. पण रती आणि शृंगार यांत भरतानं अंतर ठेवलं आहे, ते विसरून चालत नाही. मला आत्ता कुणीतरी हवंय, ही एक गोष्ट. हवंसं वाटणं काय असतं ते मी माझ्या डोळ्यांनी आणि बोटांनी तुम्हाला दाखवते, ही दुसरी. रौद्र रस साकारणारीला आपण विचारत नाही की बाई, तुम्हाला कुणाचा खून करायचाय का. शृंगारापाशीच आपली ही समज का जाते?

त्याच ग्रंथात एक जागा आहे, ती मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवली आहे. ऋषी भरताला विचारतात की अभिनयाला अर्थ असतो हे कळलं, पण हे नुसतं नृत्त कशासाठी केलं? ते तर कशाचाच अर्थ सांगत नाही. भरत उत्तर देतो की नृत्ताला कुठल्याही अर्थाची गरज लागत नाही, ते शोभा निर्माण करतं म्हणून आलं. म्हणजे दाराशी उभा राहून मला प्रश्न विचारणारा नवरा एकटा नाही. नाचाकडे बघून "हे खरं तर कशासाठी?" असं विचारणारे तेव्हाही होते.

आता ती मुलगी.

वर्षभर शिकत होती. एका कार्यक्रमासाठी तिनं आणि वर्गातल्या एका मुलानं टँगो बसवला होता. सुंदर झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे मेसेज सुरू झाले. तिनं नाही म्हटल्यावर त्यानं लिहिलं की इतकी जवळ आलीस, डोळे मिटलेस, ते काय उगाच? शरीर खोटं बोलत नाही. ती वर्ग सुटल्यावर थांबली, सगळे जाईपर्यंत बुटांच्या नाड्यांशी खेळत बसली, आणि मग विचारलं, "ताई, नाच म्हणजे खरं तर तेच असतं का? म्हणजे माझ्या अंगानं त्याला काही सांगितलं का, जे मलाच माहीत नव्हतं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला इतका कधी लागला नव्हता. दारात हसत विचारणाऱ्यांना तो मजेचा वाटतो, पण त्यातला 'खरं तर' पुढे जाऊन काय करतो ते माझ्या समोर बसलं होतं. तिला काय वाटलं हे तिच्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त कळतं, अशी मुभा तो शब्द देतो. तिच्या नकाराला तो खोटं पाडतो, आणि तेही तिच्याच शरीराची साक्ष काढून. कुणाही बाईला "नाचली म्हणजे तिला हवंच होतं" असं सुनावलं जातं तेव्हा पाठीशी हीच समजूत उभी असते, मग ती डार्विनच्या भाषेत सांगितलेली असो की चावडीच्या.

मी तिला विचारलं, डोळे का मिटले होतेस? ती म्हणाली, उलटं चालायचं होतं, डोळे उघडे असले की मी पायांकडे बघते. मी म्हटलं, मग तुझ्या अंगानं हेच सांगितलं, की मी तुझ्यावर भरवसा टाकून मागे पाऊल टाकते आहे. त्यानं तो भरवसा नाच संपेपर्यंत नीट सांभाळला. नंतर सांभाळता आला नाही त्याला. त्या मुलाशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. तो आता येत नाही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि कधी कुणाबरोबर नाचताना मला खरंच तसं वाटलं तर?"

"तर वाटू दे. छान असतं ते. त्याला सांगायचं की नाही, ते गाणं संपल्यावर तू ठरव. आणि सांगायचं झालं तर तोंडानं सांग."

तिनं नाड्या बांधल्या. दिवे मालवायच्या आधी, अजून एक गाणं लावाल का, असं तिनं विचारलं, आणि आरशाकडे पाठ करून ती एकटीच नाचली.